सड्यावरच्या खुंट्या

नकाशावर तो सडा तपकिरी होता. उपग्रहाची प्रतिमा एप्रिलमधली, आणि एप्रिलमध्ये गोव्याच्या पेडणे तालुक्यातला कुठलाही सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे कातळाचे पठार, तसाच दिसतो. करपलेले गवत, काळा कातळ, मध्येच एखादी करवंदाची जाळी. वन-फोर्टीनच्या, म्हणजे गोव्यातल्या जमीन नोंदीच्या, उताऱ्यावर जमीन लागवडीस अयोग्य. एवढ्या भांडवलावर एका कंपनीने तिथे झाडे लावून कार्बन शोषून घेण्याचा प्रकल्प आखला होता. प्रत्यक्ष आखणीच्या दिवशी तिथल्या वनस्पतींची नोंद करायला मला कंत्राटावर बोलावले होते. म्हणजे निर्णय आधी, नोंद नंतर. या धंद्यात हे नेहमीचेच.

चतुर्थी तोंडावर आली होती. पावसाने सकाळपासून उघडीप दिली होती. कंपनीचे साहेब मुंबईहून आलेले, स्वभावाने भले माणूस. सोबत खुंट्यांचे भारे, दोरी आणि मोगरी घेऊन चार कामगार. तीन-तीन मीटरवर एक खुंटी, म्हणजे हेक्टरी १,१११ खड्डे. केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेत २०२४ साली हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट आली. आमचे काम त्या योजनेतले नव्हते, पण हा आकडा तेव्हापासून सगळ्यांच्याच डोक्यात बसलाय.

पहिली खुंटी आत जाईना. दुसरी फुटली. तिसरीला मोगरी अशी उसळली की मारणाऱ्याने हात झटकून साहेबांकडे पाहिले. जांभ्याचा वरचा कातळ तो, उन्हापावसाने लोखंडासारखा घट्ट झालेला. साहेब म्हणाले, ब्रेकर आणू. खड्डे फोडू, बाहेरून माती भरू, उन्हाळ्यात टँकरने पाणी घालू. अकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, लावले की तग धरेल.

चौथी खुंटी मात्र सटकन आत गेली. तिथे कातळात परातीएवढा खळगा होता, चार बोटे माती आणि वर बोटभर पाणी. मी गुडघ्यावर बसले. खुंटीच्या भोवती सीतेची आसवे फुलली होती. निळीजांभळी, नखाएवढी फुले. एक रोप अलगद उपटून तळहातावर घेतले आणि साहेबांना भिंग दिले. चिखलात दडलेल्या तंतूंवर मोहरीहूनही बारीक फुगे असतात. प्रत्येकाला आत उघडणारे एक दार. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की फुगा त्याला पाण्यासकट आत ओढतो. तिथेच हातभर अंतरावर दवबिंदूचे रोप होते, त्याच्या चिकट थेंबांत एक चिलट अजून पाय हलवत होते.

साहेब बराच वेळ भिंग लावून बसले. मग म्हणाले, ‘‘मॅडम, हे किडे का खातात?’’

नेमका हाच प्रश्न विचारायला हवा होता. मातीत नत्र जवळजवळ नाही म्हणून खातात. जिथे बोटभर रोपाला किडे मारून पोट भरावे लागते, तिथे आपले झाड काय खाणार? पहिली दोन-तीन वर्षे बाहेरून भरलेली माती संपेपर्यंत जगेल, फोटो चांगले येतील, आणि मग कातळाला मुळे टेकली की खुरटेल. एखादे फट शोधून वाढेलही, पण हेक्टरी १,१११ फटी तिथे नव्हत्या. ब्रेकरचे डिझेल, टँकरचे डिझेल, बाहेरून आणायच्या मातीचे ट्रक हे सगळे कार्बनच्या हिशेबात वजा धरले आहेत का, हेही मी विचारले. धरलेले नव्हते.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. सड्याच्या प्रेमात पडलेले आम्ही लोक कधीकधी सडासुद्धा भरपूर कार्बन साठवतो असे ठोकून देतो. खोल मातीच्या गवताळ माळांबद्दल ते खरे आहे, तिथे कार्बन जमिनीखालीच असतो. पण चार बोटे मातीच्या कातळात कितीसा राहणार? कार्बनच्या परीक्षेत हा सडा नापासच होणार, आणि म्हणूनच त्याला त्या परीक्षेला बसवू नये. हवामानबदल आणि जैवविविधता या विषयांवरच्या दोन जागतिक मंडळांनी, म्हणजे आयपीसीसी आणि आयपीबीईएस यांनी, जून २०२१ मध्ये पहिल्यांदाच एकत्र अहवाल काढला. जिथे मुळात जंगल नव्हते तिथे जंगल उभे करू नका, एकाच जातीची लागवड करू नका, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. गोव्यातल्या उंच सड्यांवरून एक नवी बेडूकजात २०१८ मध्ये नोंदवली गेली, तिच्या नावातच ‘गोंयची’ आहे. अकेशियाखाली ती शोधायला कोण जाणार?

आमचे हे चालले असताना सड्याच्या कडेने गावातले एक काका आणि त्यांची सून वर आली. माटोळीचे, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांच्या मंडपीचे, सामान गोळा करायला निघालेली. सुनेच्या टोपलीत कांगलां, कवंडळे आणि कळलावी, वर हरण नावाच्या पिवळ्या फुलांचा जुडगा. काकांनी खुंट्या पाहिल्या आणि चिरेखण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, येणार असे समजून आधी भांडायलाच आले. झाडे लावणार म्हटल्यावर त्यांचा राग ओसरला आणि ते हसले. ‘‘झाडांना पाणी कुठले घालणार, बाय?’’

साहेबांनी आराखडा पाहून सांगितले, पायथ्याच्या झरीचे.

काका आम्हाला खाली घेऊन गेले. जांभ्याचा माथा कडक, पण पोटात तो सच्छिद्र. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातले सड्यावर थांबलेले पाणी फटींतून आत मुरते, खालच्या चिकणमातीच्या थराला अडते आणि डोंगराच्या पायथ्याशी बाहेर पडते. तिथे दगडी तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती. खाली पाट, पाटाखाली त्यांचे कुळागर, पोफळी आणि त्यांवर चढलेली मिरी. मे महिन्यात धार करंगळीएवढी होते, काकांनी करंगळी वर करून दाखवली. म्हणजे वरचा कातळ फोडायचा आणि वरच्या झाडांना जगवायला हीच करंगळी उपसायची. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी आराखड्याच्या त्या पानाचा कोपरा मुडपला.

परत चढताना मी साहेबांना मुद्दाम उतारावरून नेले. या उताराकडे आराखड्यात कोणाचे लक्षच नव्हते, कारण प्रतिमेत तो हिरवट दिसतो. खरे तर ते जंगल दरवर्षी वणव्याने आणि कोयत्याने खुरटलेले. माट्टी आणि किंदळाचे बुंधे कमरेएवढ्या उंचीवर तोडलेले, आणि प्रत्येकातून सात-आठ फुटवे. खाली मुळे जुनी, खोल गेलेली. या फुटव्यांना आग आणि कोयता यांपासून काही वर्षे वाचवा, त्यांतले दोन जोमदार ठेवून बाकीचे विरळ करा, जंगल आपोआप उभे राहते. कार्बन इथे साठेल, पाखरे इथे येतील, माती धरली जाईल आणि सडाही सुटेल. रोपवाटिकेचा खर्च नाही, टँकर नाही. लागतील ती माणसे, जानेवारी ते मे आगीवर लक्ष ठेवणारी, आणि त्यांची मजुरी.

‘‘पटतंय हो,’’ साहेब म्हणाले, ‘‘पण फुटवा मी लावलेला नाही. तो कुठल्या रकान्यात घालू?’’

त्यांच्याकडच्या तक्त्यात लावलेल्या रोपांची संख्या होती, जातीचे नाव होते, फोटोची जागा होती. वाचवलेल्या झाडासाठी काही नव्हते. मला यात साहेबांचा दोष दिसत नाही. पैसे देणाऱ्याला फावडे हातात धरलेला फोटो हवा असतो, आणि आग न लागल्याचा फोटो कसा काढायचा हे अजून कोणाला सुचलेले नाही.

मी अहवालात दोन्ही जागा वेगळ्या लिहिल्या. उताराचे काम मंजूर झाले. राखणीला गावातलीच माणसे घेतली, आणि दाखवण्यापुरती उताराच्या खालच्या कडेला थोडी स्थानिक रोपेही लावली. सड्यापुढे मात्र कंपनीकडून ‘रद्द’ असे न लिहिता ‘दुसऱ्या टप्प्यात विचार’ असे लिहून आले.

दुसऱ्या टप्प्याचे पत्र यंदा मार्चमध्ये आले. सड्याचे ताजे फोटो आठवड्याभरात पाठवा म्हणून. मी कळवले आहे, फोटो ऑगस्टमध्ये मिळतील, आणि साहेबांनी भिंगासकट यावे.