दहा पॉइंट कमी: स्टुटगार्टच्या वाऱ्या आणि ‘फ्रीक्वेंट ट्रॅव्हलर’चं गणित

मागच्या नोंदीत शेवटी लिहिलं होतं की विमान कंपन्यांच्या मैल-पॉइंट देणाऱ्या कार्यक्रमांपैकी माझा कार्यक्रम जवळजवळ ठरलाय, शीटचा एकच रकाना भरायचा राहिलाय. तो काल रात्री भरला. वर्षाच्या पॉइंटांची बेरीज आली ६४०. लुफ्तान्साच्या ‘माइल्स अँड मोअर’ कार्यक्रमात ‘फ्रीक्वेंट ट्रॅव्हलर’ हे स्टेटस (दर्जा) मिळायला लागतात ६५०. हातातोंडाशी आलेला घास दहा पॉइंटांनी हुकावा, याचा इतका त्रास झाला की झोपायच्या आधी सगळे आकडे पुन्हा तपासले. बेरीज बरोबरच होती.

माझा प्रवास जुन्या वाचकांना ठाऊक आहे. चाकणची कंपनी, स्टुटगार्टचं मुख्य कार्यालय, दर तिमाहीला एक वारी, मुंबईहून, इकॉनॉमीत. लुफ्तान्साचं पुणे-फ्रँकफर्ट थेट विमान २००८ मध्ये सुरू झालं होतं. त्या काळातले आमचे वरिष्ठ अजून त्याच्या आठवणी काढतात. आता रात्री एक्स्प्रेसवेने मुंबई गाठायची आणि पहाटेपर्यंत टी-२ वर बसायचं. म्हणूनच स्टेटससोबत येणाऱ्या लाउंजचा विषय माझ्यासाठी चैनीचा नाही. रात्रभर जागून गेल्यावर सकाळी थेट मीटिंगला उभं राहायचं असतं, मधे एक आंघोळ आणि बरी कॉफी मिळाली तर माणूस माणसात येतो.

‘माइल्स अँड मोअर’ची २०२४ पासूनची पद्धत नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. स्टेटस आता मैलांवर मिळत नाही, पॉइंटांवर मिळतं, आणि पॉइंट अंतरावर ठरत नाहीत. आंतरखंडीय उड्डाणाला इकॉनॉमीत ६०, प्रीमियम इकॉनॉमीत ८०, बिझनेसमध्ये २००. खंडांतर्गत उड्डाणाला इकॉनॉमीत २०, बिझनेसमध्ये ४०. ‘फ्रीक्वेंट ट्रॅव्हलर’ व्हायला कॅलेंडर वर्षात ६५०, त्यातले निम्मे ‘क्वालिफाइंग’, म्हणजे मुख्यतः लुफ्तान्सा गटाच्या विमानांवर कमावलेले. त्याच्या वरच्या ‘सेनेटर’ स्टेटसला २,०००, तिथेही निम्म्याची अट.

आता मुंबई-फ्रँकफर्ट-स्टुटगार्ट आणि परत: ६०, २०, २०, ६०. एका वारीचे १६०. वर्षाच्या चार वाऱ्यांचे ६४०. माझी शीट बरोब्बर इथे अडली. गंमत बघा, बिझनेसने जाणाऱ्यांचीही हीच गत आहे. त्यांच्या एका वारीचे ४८०, चारचे १,९२०, म्हणजे सेनेटरला ८० कमी. वर्षाला चार वाऱ्या करणारा इकॉनॉमीत बसो की बिझनेसमध्ये, पुढच्या दारापर्यंत येऊन थांबतो.

त्यात फ्रँकफर्ट-स्टुटगार्ट हा तुकडा भारी आहे. जेमतेम दीडशे किलोमीटरचं उड्डाण. अंतरावर चालणाऱ्या कार्यक्रमात त्याला जवळपास किंमत नाही, इथे मात्र तो मुंबई-फ्रँकफर्टच्या एक तृतीयांश पॉइंट देतो. साडेसहा हजार किलोमीटरला ६० आणि दीडशेला २०! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. पण कंपनीची तिकिटं काढणाऱ्या आमच्या ट्रॅव्हल डेस्कला रेल्वे आवडते. फ्रँकफर्ट विमानतळाच्या स्टेशनातून आयसीई ही वेगवान गाडी धरली की सव्वा तासात स्टुटगार्ट, आणि तिकीट वेगळं काढलं तर स्वस्तही. प्रवासी म्हणून मलाही रेल्वेच बरी वाटते. पण वेगळ्या काढलेल्या रेल्वे तिकिटाला पॉइंट नाहीत, म्हणजे वारी १६० वरून १२० वर येते आणि वर्ष ४८० वर. तेव्हा ६४० हा आकडासुद्धा दर वेळी डेस्कला फोन करून ‘तो शेवटचा सेक्टर विमानाचाच ठेवा’ सांगण्यावर उभा आहे. डेस्कवरच्या ताईंनी हे ऐकलं आणि माझ्या प्रोफाइलमध्ये तशी टीप घालून ठेवली. या महिन्यातला सगळ्यात मोठा विजय तो, आणि त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

तर दहा पॉइंट आणायचे कुठून?

पहिला उपाय स्टार अलायन्सचा, म्हणजे लुफ्तान्सा ज्यात आहे त्या विमान कंपन्यांच्या गटाचा. एअर इंडिया २०१४ पासून स्टारमध्ये आहे. त्यांचं एखादं पुणे-दिल्ली उड्डाण माइल्स अँड मोअरमध्ये लिहून घेतलं तर २० मिळायला हवेत आणि ६६० होतात. क्वालिफाइंगची अट लुफ्तान्साच्या उड्डाणांनी आधीच भागलेली असते. कागदावर सोपं आहे. अडचण अक्षराची. भागीदार कंपनीच्या विमानावर काय मिळणार ते बुकिंग क्लासच्या, म्हणजे तिकिटाच्या भाडेगटाच्या, अक्षरावर ठरतं आणि तळाची स्वस्त अक्षरं बऱ्याचदा कोरडी जातात. आमच्या सेल्फ-बुकिंग टूलमध्ये अक्षर दिसतच नाही, भाड्याचं गोंडस नाव तेवढं दिसतं. ई-तिकीट हातात आल्यावर ‘फेअर बेसिस’चं पहिलं अक्षर बघायचं, बहुतेक वेळा तेच बुकिंग क्लास असतं. तोवर तिकीट निघालेलं असतं. मी डेस्ककडून गेल्या वर्षाची तिकिटं मागवून अक्षरांची यादी केली. देशांतर्गत तिकिटं जवळजवळ सगळी तळाचीच निघाली. त्यामुळे हा उपाय वहीत राहील, भरवसा त्यावर ठेवणार नाही. (कुठल्या अक्षराला किती टक्के मैल ते बघायला ‘व्हेअर टू क्रेडिट’ ही साइट उत्तम आहे, पण शेवटी कार्यक्रमाच्या स्वतःच्या पानावर खात्री करायचीच.)

दुसरा उपाय: एका वारीत एकच लांबचं उड्डाण प्रीमियम इकॉनॉमीचं. ६० चे ८० झाले की वर्षाचे ६६०. रात्रीच्या उड्डाणाला आमच्या धोरणात साहेबांच्या मंजुरीने प्रीमियम इकॉनॉमी चालते. पण तिकीट मुळातच त्या वर्गाचं काढलेलं हवं. विमानतळावर मिळालेल्या किंवा बोली लावून घेतलेल्या अपग्रेडवर मी वर्षाचं नियोजन ठेवणार नाही.

आणि हे लिहिता लिहिताच तिसरा सुचला. व्हिएन्नाच्या बाजूला आमचा एक पुरवठादार आहे. त्याचं ऑडिट आम्ही हल्ली व्हिडिओवर उरकतो आणि दर वेळी काहीतरी निसटतं, कारण कॅमेऱ्यातून साच्याची झीज दिसत नाही. स्टुटगार्टला गेलेलोच असताना लुफ्तान्सा गटातल्याच ऑस्ट्रियन एअरलाइन्सने व्हिएन्नाला जाऊन आलो तर दोन खंडांतर्गत उड्डाणं, ४० पॉइंट, आणि तेही क्वालिफाइंग. कामाच्या दृष्टीनेही हा प्रस्ताव खणखणीत आहे, नाहीतर मी तो मांडलाच नसता. पॉइंटांसाठी कंपनीच्या पैशाने फिरणं मला मान्य नाही, हे इथे आधीही लिहिलंय. म्हणजे आता क्रम बदलला: आधी व्हिएन्ना, ते नाही जमलं तर प्रीमियम इकॉनॉमी, देशांतर्गत तिकीट सगळ्यात शेवटी.

एवढी मारामारी करण्यापेक्षा दुसरा कार्यक्रम का नाही, असं गेल्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं. विचार केला, सगळे तपासले.

सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमाचं एलिट गोल्ड म्हणजे थेट स्टार गोल्ड, स्टार अलायन्सचा वरचा दर्जा: जगभर लाउंज, सोबत एक पाहुणा, जादा सामान. लागतात बारा महिन्यांत ५०,००० एलिट मैल. मुंबई-फ्रँकफर्ट साधारण ४,१०० मैल, जाऊन-येऊन ८,२००. पूर्ण १०० टक्के मिळाले तरी सहा वाऱ्यांनंतर थोडं उरतंच. अक्षर ५० टक्क्यांचं असेल तर बारा वाऱ्याही कमी पडतात. माझी जर्मनीची अक्षरं बघता क्रिसफ्लायरमध्ये उड्डाणं लिहिण्यात अर्थ नाही. सिंगापूर, बँकॉक, जकार्ता करणाऱ्यांनी मात्र डोळे मिटून तिथेच जावं.

एअर इंडियाच्या महाराजा क्लब कार्यक्रमाबद्दल माझं मत बदललंय. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्तारा तिकडे गेला, आणि रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा एकच जिना झाला. एअर इंडियाच्या स्वतःच्या उड्डाणांवर पॉइंट खर्चाप्रमाणे मिळतात. हे धंद्यासाठी उडणाऱ्याच्या फायद्याचं आहे. आपली तिकिटं आयत्या वेळी निघतात, महाग पडतात, आणि खर्चावरच्या हिशेबात तो महागपणा आपल्या खात्यात जमा होतो. ज्यांचं दिल्ली-मुंबई सतत एअर इंडियाने होतं, त्यांनी बाहेर बघूच नये, गोल्ड झाल्यावर स्टार गोल्ड आहेच. माझं पुण्याहून देशांतर्गत बहुतेक इंडिगोने होतं. इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही. ते त्यांच्या स्वतःच्या ब्लूचिप कार्यक्रमात जमू दे, त्यावर डोकं चालवणार नाही.

ब्रिटिश एअरवेजचा विचार एका संध्याकाळीच संपला. १ एप्रिल २०२५ पासून तिथे खर्चाच्या दर पौंडाला एक टियर (स्टेटसचा) पॉइंट, आणि सिल्व्हर स्टेटसला ७,५००. इकॉनॉमीतल्या पगारदाराच्या आवाक्यात ते येत नाही.

म्हणजे स्टेटस माइल्स अँड मोअरमध्ये. तिथल्या मैलांवर मात्र माझा जीव नाही. ३ जून २०२५ पासून लुफ्तान्सा गटाची अवॉर्ड तिकिटं, म्हणजे मैल देऊन घ्यायची तिकिटं, बदलत्या दरांची झाली, आणि स्टेटस नसेल तर मैल ३६ महिन्यांत संपतात. खर्चायचे मैल मी क्रिसफ्लायरमध्ये जमवतोय, उडून नाही, क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांतून. ते तीन वर्षं टिकतात, आणि पाच जणांची नावं नॉमिनी म्हणून घालून त्यांच्यासाठी तिकीट काढता येतं. आई-बाबांची नावं परवा घातली. बाबांनी पासपोर्ट कपाटातून काढला, त्यावरची धूळ पुसली आणि मुदत अजून आहे की नाही ते स्वतः वाचून दाखवलं. सिंगापूरचं ते तिकीट या सगळ्या उद्योगातलं मला सगळ्यात हवंसं आहे.

कार्डांवर मोठे इमले बांधू नका, हे पुन्हा सांगतो. १ सप्टेंबर २०२३ ला ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे पॉइंट मैलांत बदलायचा दर ५ ला ४ वरून ५ ला २ झाला, तेव्हा इथले कितीतरी आराखडे एका रात्रीत अर्ध्यावर आले. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली तेव्हाही तिच्या जेटप्रिव्हिलेज कार्यक्रमवाल्यांची घालमेल आठवत असेल. कार्यक्रम वेगळ्या कंपनीचा असल्यामुळे मैल टिकले, इंटरमाइल्स नावाने पुढे चालले, पण ज्यासाठी जमवले ती विमानंच उरली नाहीत. ठरावीक तिकिटापुरते मैल झाले की ते तिकीट काढून टाकायचं, हा माझा नियम तेव्हापासूनचा.

एक बारीक गोष्ट, जी नव्यांना कुणी सांगत नाही. डेस्कच्या प्रोफाइलमध्ये जुन्या कार्यक्रमाचा नंबर पडून असतो आणि तो आपोआप प्रत्येक बुकिंगला चिकटतो. चेक-इनच्या काउंटरवरून हलायच्या आधी बोर्डिंग पास उजेडात धरून वाचा. नावाच्या आसपास दोन अक्षरी कंपनी-कोड आणि त्यापुढे तुमचा नंबर छापलेला असतो. चुकीचा असेल तर तिथल्या तिथे बदलून नवा पास घ्या. पास जपून ठेवा, तेरा आकडी तिकीट नंबरही. लुफ्तान्साचं तिकीट २२० ने सुरू होतं, एअर इंडियाचं ०९८ ने. नंतर मैल मागायची वेळ आली तर हेच दोन पुरावे मागतात, आणि एक उड्डाण एकाच कार्यक्रमात लिहिलं जातं.

एक धोका अजून डोक्यावर आहे. आमच्या धोरणात ‘लोएस्ट लॉजिकल फेअर’ची अट आहे. आखातातून जाणारं तिकीट ठरावीक फरकाने स्वस्त दिसलं की डेस्कला तेच काढावं लागतं. तसं एकदा जरी झालं तर १६० जातात आणि मग व्हिएन्नाचे ४० वाचवू शकत नाहीत. यावर लवकर बुकिंग हाच इलाज दिसतोय. तारखा महिनाभर आधी कळल्या तर थेट तिकिटाचा फरक मर्यादेत बसतो, असं मागच्या तिकिटांवरून दिसतं. स्टुटगार्टच्या साहेबांना वर्षाच्या चारही बैठकांच्या तारखा आत्ताच मागणारं पत्र तयार आहे, त्यात व्हिएन्नाच्या ऑडिटचा परिच्छेद आज घालतो आणि उद्या सकाळी पाठवतो. कुणी स्टुटगार्ट-व्हिएन्ना ऑस्ट्रियनने केलं असेल तर सकाळचं विमान घेऊन त्याच रात्री परत येणं जमतं का ते सांगा, हॉटेलचा खर्च वाचला तर मंजुरी लवकर मिळेल.