स्लेज, सहा हस्की आणि ब्रेकवरचा पाय: माझा अनुभव

स्लेज म्हणजे बर्फावरून घसरणारी, हस्की जातीची कुत्री ओढतात ती गाडी; चालवणारा तिच्या मागे दांडी धरून उभा राहतो. अशा स्लेजच्या फेरीला निघण्यापूर्वी मार्गदर्शक बाईंनी आम्हाला जे नियम सांगितले, त्यांत कुत्र्यांना पळवायचे कसे याविषयी एक अक्षरही नव्हते. स्लेज कलंडली तरी दांडी सोडायची नाही, कारण रिकामी झालेली स्लेज घेऊन कुत्री पुढे निघून जातात. कुत्री आणि स्लेज यांच्यामधला दोर कधीही सैल पडू द्यायचा नाही. आणि पुढच्या स्लेजला मागे टाकायला जायचे नाही. तिन्ही नियम थांबवण्याचे किंवा आवरण्याचे होते. पळण्याची जबाबदारी कुत्र्यांनी आधीच घेतलेली असते आणि माणसाच्या वाट्याला ब्रेक येतो, हे मला त्या फेरीत पहिल्यांदा नीट समजले.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. अंगालगत लोकरीचा थर असावा, सुती नको, कारण घामाने भिजलेले सुती कापड वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेते. वरचा जाड एकसंध पोशाख, बूट आणि हातमोजे आयोजकच देतात. स्लेजमध्ये बसणाऱ्याला चालवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त थंडी वाजते, म्हणून त्याने एक थर अधिकच घालावा.

खरा वेळ गेला तो जुंपणीत, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. ही कुत्री अलास्कन हस्की होती. दाट केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या सायबेरियन हस्कींच्या मानाने ती सडपातळ आणि लांब पायांची दिसतात. एका ठरावीक रूपासाठी नव्हे, तर ओढण्याच्या आणि धावण्याच्या क्षमतेसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेला हा मिश्र वाण आहे. मला ज्या कुत्रीला हार्नेस, म्हणजे ओढण्यासाठीचा पट्ट्यांचा साज, घालायला सांगितले होते, तिच्या डोक्यावरून पट्टा सरकवताच तिने स्वतःहून पुढचा उजवा पाय वर उचलून दुमडला आणि मी गोंधळून तसाच उभा राहिलेला पाहून तो अधांतरी तसाच धरून ठेवला. पुढची जोडी आधी दोराला लावतात, कारण सगळ्यांचा दोर ताणून धरण्याचे काम तिचे असते आणि त्यासाठी समजूतदार कुत्री लागतात. स्लेजच्या लगतच्या जागेवर धिप्पाड आणि शांत स्वभावाची जोडी असते, कारण वळणावर स्लेजचा हिसका सर्वांत आधी त्यांनाच बसतो. या सगळ्या काळात प्रत्येक कुत्रा जागच्या जागी उड्या मारत इतक्या मोठ्याने भुंकत असतो की शेजारच्या माणसाशी बोलायलाही ओरडावे लागते. बर्फात रुतवलेला लोखंडी आकडा आणि झाडाला बांधलेला दोर, असे दोन्ही असूनसुद्धा स्लेज थरथरत होती.

दोर सुटला, आकडा निघाला आणि भुंकणे तत्क्षणी बंद पडले. मग ऐकू येत होता तो फक्त स्लेजच्या दोन लांब घसरपट्ट्यांखालचा बर्फ आणि कुत्र्यांचा श्वास. पहिल्या काही मिनिटांत ताज्या दमाची कुत्री सर्वांत जोरात ओढतात, त्यामुळे माझे जवळजवळ सगळे वजन ब्रेकवर होते. ब्रेक म्हणजे पायाखालची एक आडवी पट्टी असते. ती दाबली की तिचे लोखंडी दात बर्फात शिरतात. तिच्या जोडीला दोन घसरपट्ट्यांमध्ये रबराची एक चटई घसटत येते, तिच्यावर हलका पाय ठेवला की वेग थोडासा मोडतो. उतारावर ही चटई फार उपयोगी पडते. तिथे स्लेज कुत्र्यांपेक्षा वेगाने घसरते, दोर सैल पडतो, कुत्र्यांचे पाय त्यात अडकू शकतात आणि मागच्या जोडीवर स्लेज आदळण्याची भीती असते. चढावर याच्या उलट करावे लागते: एक पाय घसरपट्टीवर ठेवून दुसऱ्याने बर्फ मागे रेटायचा, आणि चढ मोठा असेल तर खाली उतरून ढकलत पळायचे. आमच्यातल्या एकाने हे केले नाही, तेव्हा त्याच्या स्लेजच्या पुढच्या जोडीने मान वळवून मागे पाहिले. बाई म्हणाल्या, मदत येत नाही हे त्यांना कळते.

‘जी’ म्हणजे उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, या आज्ञा आम्हाला शिकवल्या होत्या. पण अशा फेरीत मागच्या स्लेजची कुत्री पुढच्या स्लेजच्या मागोमाग जातात, त्यामुळे त्यांचा वापर बाईच करत होत्या.

वाटेत विश्रांतीसाठी थांबलो, तेव्हा कुत्री बर्फ चावून खात होती, काही त्यात अंग घासत होती. माणसासारखा सर्वांगाला घाम येऊन त्यांचे शरीर निवत नाही, धापा टाकूनच त्यांना उष्णता बाहेर काढावी लागते, म्हणून शून्याच्या बरीच खाली गेलेली हवा त्यांना मानवते आणि आपल्याला सुखद वाटणारा दिवस त्यांना जड जातो. बाई एकेकाचा पंजा हातात घेऊन बोटांमध्ये गोठलेले बर्फाचे खडे काढत होत्या. एका पंजाची कातडी लाल दिसली, तर त्यावर त्यांनी लगेच कापडी मोजा चढवला. तिथेच त्यांनी १९२५ सालची हकीकत सांगितली. अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे वीस चालकांनी आळीपाळीने कुत्र्यांच्या स्लेजवरून साधारण १०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोहोचवले. शेवटच्या टप्प्यातला चालक गुन्नार कासेन याच्या बाल्टो या कुत्र्याचे नाव जगभर झाले, पण सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनार्ड सेप्पाला हा चालक आणि त्याचा कुत्रा टोगो यांनी पार केला होता. वाटेत बर्फाचे वादळ होते आणि त्यात चालकाला स्वतःची कुत्रीसुद्धा धड दिसत नव्हती. मऊ वाटेवर, दिवसाउजेडी ब्रेक सांभाळताना माझी पोटरी भरून आली होती, म्हणून ती हकीकत मला नुसती शौर्यकथा वाटली नाही.

परतल्यावर कुत्र्यांना कोमट पाण्यात मांस कालवून दिले गेले, कारण थंडीत ती नुसते पाणी पुरेसे पीत नाहीत. आयोजक निवडताना मी तीनच प्रश्न विचारावेत असे म्हणेन: एका कुत्र्याला दिवसात किती फेऱ्या कराव्या लागतात, उन्हाळ्यात त्यांचा व्यायाम कसा होतो, आणि म्हातारी झालेली कुत्री कुठे जातात. ज्यांना पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी चालवण्याऐवजी बसावे, गरोदर स्त्रियांनी ही फेरी टाळावी. दोघे मिळून जाणार असाल, तर अर्ध्या वाटेत जागा बदलता येईल का हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे; काही ठिकाणी पाहुण्यांना चालवूच देत नाहीत, आणि ते जागेवर गेल्यावर कळले तर फार वाईट वाटते.