जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट

शनिवार, दुपार

बॅकअप झाला. फोटो, कामाच्या फायली, ब्राउझरचे बुकमार्क, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेलं. त्यातल्या काही फायली तिथूनच उघडूनही बघितल्या. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास बसत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) या लॅपटॉपमध्ये नाही. बाकी मशीन धडधाकट आहे. ८ जीबी रॅम, कीबोर्ड अजून नव्यासारखा. केवळ तारीख उलटली म्हणून ते अडगळीत टाकायला मन तयार होईना. म्हणून विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉपवालं. मिंट उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं, उबुंटू डेबियनवर, आणि डेबियन १९९३ पासून चालू आहे, म्हणजे पाया चांगला मुरलेला. शिवाय सिनॅमनची मांडणी ओळखीची: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू.

मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एका फाइलमध्ये) उतरवून तिचा चेकसम काढला, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडायची खूण. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये त्यासाठी सर्टयूटिल असतंच. आलेली ६४ अक्षरं मिंटच्या यादीतल्या अक्षरांशी शेवटपर्यंत ताडली. जुळली. मग रूफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बूटेबल केला, म्हणजे लॅपटॉप त्याच्यावरूनच सुरू होईल असा.

शनिवार, रात्र

पेनड्राइव्हवरून बूट केलं आणि थोड्याच वेळात अख्खा डेस्कटॉप समोर आला. अजून हार्ड डिस्कला धक्काही लागलेला नाही, सगळा कारभार पेनड्राइव्ह आणि रॅमवर चाललाय. मला ही सोय फार मोलाची वाटते. आपलं मशीन, आपला प्रिंटर, आपलं टचपॅड याच्याशी जमतं का, ते काहीही न पुसता बघायला मिळतं. आवाज आला. ब्राइटनेसची बटणं चालली. झाकण मिटून उघडलं तर लॅपटॉप नीट जागा झाला.

वायफाय मात्र दिसेना. या वायफाय चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) मुक्त, म्हणजे ओपन सोर्स, नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. आणि तो घ्यायला नेट हवं! फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केलं, नेट आलं. ड्रायव्हर मॅनेजरने चिप ओळखली, ड्रायव्हर सुचवला, तो टाकल्यावर वायफायची यादी झळकली. म्हणजे उद्या इन्स्टॉल झाल्यावर काय करायचं ते आजच कळलं.

रविवार

आज मुख्य काम. आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याच्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्याच्या भागावर) लिनक्समधून लिहिणं धोक्याचं ठरतं. मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी केली.

इन्स्टॉलरने तीन वाटा दाखवल्या: विंडोजच्या शेजारी टाका, सगळी डिस्क पुसा, किंवा तुमचं तुम्ही ठरवा. मी तिसरी घेतली. वर एक रंगीत पट्टी आली, खाली यादी. पहिलं छोटंसं ईएफआय पार्टिशन, मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जिथे डोकावतं ते. मग विंडोजचं मोठं एनटीएफएस पार्टिशन, मग रिकव्हरीचं, आणि मधे मी मोकळी केलेली जागा. इतकी वर्षं हाच लॅपटॉप वापरतेय, पण त्याच्या पोटात काय कुठे आहे ते आज पहिल्यांदा असं ओळीने पाहिलं. मोकळ्या जागेत ईएक्सटी४ (लिनक्सची फायली साठवायची पद्धत) पार्टिशन केलं, माउंट पॉइंट म्हणून तिरकी रेघ (/), म्हणजे लिनक्समधल्या सगळ्या फोल्डरांचं मूळ, निवडली आणि पुढे जायचं बटण दाबलं.

तरी ते लगेच सुरू झालं नाही. आधी एक चौकट आली: अमुक डिस्कचं अमुक क्रमांकाचं पार्टिशन ईएक्सटी४ म्हणून फॉरमॅट होणार आहे, पुढे जायचं का? नेमकं काय पुसलं जाणार ते नावानिशी लिहिलेलं. सावकाश वाचलं, क्रमांक यादीशी पडताळला, मग होकार दिला. संगणकाने वापरणाऱ्याशी असंच बोलावं. काय करणार ते आधी सांगावं आणि हो म्हटल्यावरच करावं.

रीस्टार्टनंतर कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा ग्रबचा मेनू आला. वर मिंट, खाली विंडोज. दोन्ही उघडून बघितली, दोन्ही सुखरूप. विंडोजमधलं घड्याळ तेवढं चुकलं होतं, कारण मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहून ते मार्गी लावलं.

बुधवार

सवय लागतेय. इथे सी नाही, डी नाही. सगळं त्या एका तिरक्या रेघेपासून सुरू होतं आणि विंडोजचं पार्टिशनही त्यात एक फोल्डर होऊन दिसतं. जुने फोटो तिथूनच उघडले. फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं मात्र वेगळी धरली जातात, तिकडे लक्ष ठेवावं लागतं.

अपडेट मॅनेजर मला सर्वांत आवडला. सिस्टिमचं, ब्राउझरचं, ऑफिसची कामं करणाऱ्या लिब्रेऑफिसचं, सगळं एकाच यादीत, आणि कुठल्या अपडेटमध्ये काय बदललंय ते तिथेच वाचता येतं. आज यादीत कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, होतं. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लायनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं ते कर्नल, पुढे हजारो लोकांनी घडवलेलं, आता माझ्या टेबलावर चालतंय याचा मनापासून आनंद झाला. आधी टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट (काही बिघडलं तर मागे जाता येईल अशी प्रत) घेतला, मग अपडेट टाकलं.

मराठीसाठी काही उतरवावं लागलं नाही. कीबोर्डच्या यादीत फोनेटिक मराठी होतंच, ही नोंद त्यातच टाइप केलीय.

अडलंय ते एकाच ठिकाणी. कामाची एक एक्सेल शीट आहे, तिच्यातले मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लिब्रेऑफिसमध्ये धड चालत नाहीत. तिच्यासाठी विंडोज ठेवतेय, पण त्याचा सपोर्ट संपलाय म्हणून तिकडे गेले की नेट बंद ठेवते. उद्या स्कॅनर जोडून बघायचा आहे.