पट्टी कशाची घ्यावी: मांजरपाट, जीन्स की थापलेली?

वॅक्सिंगची पट्टी माझ्या वडिलांनी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा ती कशाला लागते हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी ती आधी उभी ओढली, मग आडवी ओढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "हे विणलेलं नाही बाळ, हे थापलेलं आहे." बाबांचे उभे आयुष्य यंत्रमागावर चादरी काढण्यात गेले. त्यामुळे कापडाचा कोणताही तुकडा हाती आला की त्यांची बोटे आपोआप हीच परीक्षा घेतात. त्यांना जे एका क्षणात कळले, ते मला पार्लरमध्ये आणि घरी बरीच वर्षे वॅक्सिंग करूनही कळले नव्हते. वॅक्स साखरेचे की मधाचे, चॉकलेटचे की कोरफडीचे, यावर आम्ही मैत्रिणी तासन् तास बोलत असू. पट्टी मात्र जी हाताला लागेल ती.

खरे तर केस उपटण्याचे काम पट्टीच करते. वॅक्स केसाला धरते आणि पट्टी वॅक्सला धरते. आपण केसांच्या दिशेने पातळ थर लावतो, त्याच दिशेने पट्टी दाबतो, टोकाचा इंचभर भाग पकडायला मोकळा सोडतो आणि उलट दिशेने, त्वचेला समांतर अशी एका झटक्यात ती ओढतो. या झटक्यात पट्टी ताणली गेली, तर हाताचा सगळा जोर कापडातच मुरतो, वॅक्स सावकाश सुटते आणि केस मुळापासून निघण्याऐवजी कातडीच्या पातळीवर तुटतो. मग दुखतेही जास्त, आणि चार-पाच दिवसांत बोटांना खुंट लागू लागतात. म्हणून पट्टीकडून माझ्या मागण्या तीनच आहेत: ओढीच्या दिशेने ती ताणली जाऊ नये, वॅक्स तिच्या पोतात रुतावे पण आरपार येऊ नये, आणि तिचे धागे वा तंतू कातडीवर राहू नयेत.

बाबा ज्याला थापलेले म्हणाले, त्या पट्टीला बाजारात नॉन-वोव्हन किंवा नुसतीच पेपर स्ट्रिप म्हणतात. तो कागद नसतो. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोस यांचे तंतू पसरून उष्णतेने किंवा दाबाने एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यात ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, नाही आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, तेही नाहीत. तयार पट्टी साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि २० ते २२ सेंटिमीटर लांब असते. कापायला काही उसवत नाही, वॅक्स वरच्या बाजूला फारसे येत नाही आणि काम झाले की टाकून देता येते, हे तिचे मोठे गुण. मात्र थापलेल्या कापडालाही दिशा असते. यंत्रातून ते ज्या दिशेने बाहेर पडते, त्या दिशेने बहुधा ते घट्ट असते आणि आडवे ओढले तर सैल पडते. हलक्या पाकिटांत पट्ट्या कधी कधी चुकीच्या बाजूने कापलेल्या मिळतात. आमच्या सोलापुरातल्या नवी पेठेतून आणलेले असे एक पाकीट माझ्याकडे होते. त्यातली पट्टी पोटरीवर ओढली की रबरासारखी दोन बोटे लांब व्हायची आणि निम्मे वॅक्स पायावरच राहायचे. तेव्हापासून मी पाकीट उघडल्यावर पहिली पट्टी बाबांच्या पद्धतीने उभी-आडवी ओढून पाहते. जाडी चौरस मीटरच्या वजनात, म्हणजे जीएसएममध्ये, लिहिलेली असेल तर ७० ते ९० च्या मधली घेते. त्याहून पातळ पट्टी माझ्या हातात मध्येच फाटते.

कापडी पट्टीबद्दल लिहिण्याआधी तिच्याबद्दल माझ्या मनात राग का होता, तेही सांगितले पाहिजे. लग्नाआधी मी शहरातल्या एका पार्लरमध्ये जात असे. तिथे जीन्सच्या जाड पट्ट्या वापरत आणि त्या कोमट पाण्यातून काढून पुढच्या बाईसाठी पुन्हा घेत. एकदा दोन्ही मांड्यांवर पुटकुळ्या उठल्या, त्यांतल्या दोनांचे केसतोड झाले आणि डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या घ्याव्या लागल्या. वॅक्सिंगमध्ये केसाच्या मुळाशी सूक्ष्म जखम होते आणि पुष्कळदा रक्ताचा बारीक ठिपका येतो. तो डोळ्यांना दिसला नाही तरी कापडात उतरतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो, आणि चामखीळ किंवा पुटकुळ्यांचे जंतू पसरायला तर एवढेसुद्धा लागत नाही. म्हणून एकीची कापडी पट्टी दुसरीला लावणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, मग ती कितीही धुतलेली असो. पुढे जे लिहिते आहे ते फक्त घरी, स्वतःच्या स्वतंत्र पट्ट्यांविषयी.

घरासाठी माझी पसंती मांजरपाटाला, म्हणजे साध्या विणीच्या कोऱ्या सुती कापडाला, आहे. चाटी गल्लीत दुकानदाराला "कोरा मांजरपाट दाखवा" म्हटले की तो तीन-चार प्रतींचे गठ्ठे काढतो. त्यांतला मध्यम विणीचा घ्यावा. उजेडात धरला तर छिद्रे दिसावीत, पण पलीकडचे बोट ओळखू येऊ नये. कोऱ्या कापडात खळ, म्हणजे कांजी, असते. मागावर ताण्याचे धागे घासून तुटू नयेत म्हणून ती लावतात, आणि ती असेपर्यंत कापड वॅक्सला नीट धरत नाही. वॅक्स पृष्ठभागावरच राहते आणि ओढताना कापडापासून सुटते. मी पहिल्यांदा ही चूक केली होती. नव्या, कडक, छान दिसणाऱ्या पट्ट्या, आणि वॅक्स जिथल्या तिथे. आता मी आणलेले कापड रात्रभर पाण्यात भिजवते आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात साबणाने दोनदा धुते. हात लावल्यावर खरखर जाऊन कापड मऊ लागले की खळ निघाली असे समजते. धुताना कापड आटते, म्हणून पट्ट्या नेहमी धुतल्यानंतर कापायच्या.

कापायच्या कशा, हे मात्र बाबांकडून शिकले. ताण्याचे धागे मागावर घट्ट ताणलेले असतात, बाण्याचे धागे त्यांच्या खालून-वरून वळसे घेत जातात. त्यामुळे कापड ताण्याच्या दिशेने सहसा कमी आणि बाण्याच्या दिशेने अधिक ताणले जाते. तिरपे ओढले तर सर्वांत जास्त. पट्टीची लांबी म्हणून काठाला समांतर घ्यायची. काठ कापून गेलेला तुकडा असेल तर दोन्ही बाजूंनी ओढून पाहायचे. जी बाजू हाताला कमी साथ देते ती ताण्याची. मी पट्ट्या कात्रीने सरळ रेषेत कापायचा प्रयत्न करीत होते, तेव्हा बाबांनी कापड हातातून घेतले, कडेला अर्ध्या इंचाची चीर दिली आणि दोन्ही अंगठ्यांनी ते टर्रकन फाडले. फाटलेली कड धाग्याच्या रेषेत अगदी सरळ होती आणि माझी कापलेली कड शेजारी ठेवल्यावर तिचा तिरपेपणा मलाही दिसला. फाडलेल्या कडेला जे सुटे धागे लोंबतात ते ओढून काढायचे, नाहीतर ते वॅक्समध्ये अडकून पायावर चिकटतात आणि एकेक वेचत बसावे लागते. दोन्ही लांब कडांना शिलाई मशीनवर एक साधी टीप घातली तर पुढच्या धुण्यात उसवत नाहीत. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) एक मीटर कापडातून ३ इंच रुंद आणि ९ इंच लांब अशा पट्ट्या काढल्या, तर काठ आणि आटणे सोडून साधारण ४४ हाती येतात. दोन्ही पाय आणि दोन्ही हात यांना मला दहा-बारा पुरतात, कारण एक पट्टी थर जाड होईपर्यंत चार-पाच वेळा चालते.

मलमल सुचवणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, आणि चेहऱ्यासारख्या नाजूक जागी, जिथे लव बारीक असते, तिथे ती वाईट नाही. पायावर मात्र तिची वीण इतकी विरळ पडते की वॅक्स आरपार येते, बोटांना लागते आणि पट्टी सोडवता सोडवता हातालाच चिकटते.

जीन्सचे उलट आहे. तिची वीण तिरकस आणि दाट असल्यामुळे आरपार काही येत नाही, आणि जाड राठ केसांना तिच्याइतकी पकड दुसऱ्या कशाची नाही. पण ती वाकत नाही. गुडघ्यावर, घोट्यावर, नडगीच्या धारेवर ती नीट बसत नाही आणि मधे मधे केसांची बेटे राहून जातात. शिवाय जुन्या, निव्वळ सुती जीन्स आता घरात मिळणेही कठीण झाले आहे. हल्लीच्या बहुतेक जीन्समध्ये ताणले जाणारे इलास्टेनचे धागे असतात, आणि तशी जीन्स पट्टीसाठी पूर्णपणे निरुपयोगी आहे. भाच्याची टाकाऊ पँट कापून मी ते करून पाहिले आहे.

कापडी पट्टी वापरायची की नाही, हे शेवटी वॅक्सवर ठरते, आणि ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. साखर, लिंबू आणि पाणी यांचा घरी केलेला गोळीबंद पाक पाण्यात विरघळतो. लिंबामुळे त्यात पुन्हा साखरेचे दाणे धरत नाहीत आणि तो लवचिक राहतो. असा पाक लागलेल्या पट्ट्या गरम पाण्यात टाकल्या की दहा मिनिटांत मोकळ्या होतात. मग मी त्या साबणाने धुऊन वीस मिनिटे उकळते आणि कडक उन्हात वाळवते. डब्यातले जे वॅक्स राळेपासून केलेले असते ते पाण्याला दाद देत नाही, त्याला तेलच लागते. ते कापडात गेले की कापड गेलेच. तेलाने काढायला जावे तर पट्टी तेलकट राहते आणि पुढच्या वेळी वॅक्स तिला धरत नाही. राळेच्या वॅक्सला म्हणून थापलेली, टाकून देण्याची पट्टीच योग्य.

सोलापुरात यात पाण्याचाही हिशोब येतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाणी आल्याच्या दिवशी पिंप, बादल्या, कळशा भरून ठेवायच्या आणि पुढच्या वेळेपर्यंत ते पुरवायचे, ही इथल्या प्रत्येक घराची सवय आहे. दहा-बारा पट्ट्या भिजवणे, धुणे आणि उकळणे यांना दोन बादल्या तरी लागतात. म्हणून मी वॅक्सिंग पाणी येण्याच्या आदल्या दिवशी करते आणि पट्ट्या तोपर्यंत कोरड्याच बाजूला ठेवते. ज्यांच्या घरी माणसे जास्त आणि साठवण कमी आहे, त्यांनी कापडी पट्टीचा हट्ट धरावा असे मी म्हणणार नाही. प्लॅस्टिकच्या तंतूंची पट्टी कचऱ्यात गेल्यावर कुजत नाही, हे मला खुपते. पण प्यायच्या पाण्याला ओढ लावून पट्ट्या धुणेही मला पटत नाही.

दुसरा हिशोब उन्हाचा. मे महिन्यात पारा ४० च्या पुष्कळ वर जातो, तेव्हा जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, बरोबर जमलेला पाक डब्यातच सैल होतो. सैल पाक मांजरपाटातूनही आरपार येतो. उन्हाळ्यात मी पाक थोडा पुढे नेते, म्हणजे पाण्यात टाकल्यावर गोळी जरा घट्ट होईल इतका, पट्टी किंचित दाट विणीची घेते आणि काम सकाळी सातच्या आत उरकते. घामावर कोणतीही पट्टी बसत नाही. पावडर लावून कातडी पुसून घेतली तरच बसते.

तयार वॅक्स लावलेल्या, दोन्ही तळव्यांत चोळून उघडायच्या पट्ट्या प्रवासात ठीक आहेत, पण इथल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवल्या तर वॅक्स कडेने वाहते. पट्टीशिवाय निघणारे घट्ट वॅक्स काखेसाठी चांगले, आणि तिथे पट्टीचा प्रश्नच येत नाही.

आमच्या शेजारच्या अक्का घरातच पार्लर चालवतात. मी मांजरपाटाचे कौतुक करू लागले तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. "तुझं एकटीचं ठीक आहे गं, माझ्याकडे दिवसाला सात-आठ बायका येतात. कुणाची पट्टी कुठली, हे मी कसं ठेवू?" त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. त्या आता थापलेल्या कापडाचा मोठा रोल आणतात, गिऱ्हाइकासमोर पट्टी कापतात आणि काम झाल्यावर तिच्यासमोरच कचऱ्यात टाकतात. वॅक्स लावायची लाकडी पट्टीसुद्धा एकदा अंगाला लागली की डब्यात परत बुडवत नाहीत. पार्लरमध्ये जाणाऱ्या प्रत्येकीने एवढे दोन प्रकार डोळ्यांनी पाहून घ्यावेत, आणि पट्टी आधीच कापून ठेवलेली दिसली तर ती नवी आहे का, हे न संकोचता विचारावे.

माझी भाची जूनमध्ये पुण्याला होस्टेलवर जाणार आहे. तिच्यासाठी मी चाटी गल्लीतून दीड मीटर मांजरपाट आणला, खळ काढली आणि काल दुपारी आम्ही दोघींनी पट्ट्या फाडल्या. बाबा खुर्चीत बसून बघत होते. तिने एक पट्टी चुकून बाण्याच्या बाजूने फाडली, तर त्यांनी ती उचलली, दोन्ही टोके धरून ताणून तिला दाखवली आणि न बोलता फडक्यांच्या ढिगात टाकली.