कपाट उघडण्याआधी कुणाला विचारायचं?

मागच्या आठवड्यात इथे मला पहिल्यांदा नकार मिळाला. आमच्या क्युरेटरबाईंनी तो अगदी शांतपणे दिला, तरी अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

पुण्यात पुरातत्त्व शिकताना माझा बराच वेळ जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांच्या, दफनांवर गेला. त्यामुळे अमेरिकेत कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानात संग्रहाची निगा राखायला हंगामी इंटर्न म्हणून आल्यापासून मनात होतंच, की इथल्या लोकांनी आपल्या मृतांसोबत काय ठेवलं ते एकदा पाहावं. कामाची वेळ संपल्यावर, तुमच्यासमोर बसून बघते, फोटो काढणार नाही, असं मी बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुझ्यावर अविश्वास नाही. पण ही परवानगी मी देऊ शकत नाही. त्यांना विचारावं लागेल, आणि नुसतं कुतूहल एवढंच कारण असेल तर मी विचारणारही नाही."

'ते' म्हणजे वॉशिंग्टनमधलं खातं नव्हे. होपी, झुनी, अकोमा, झिया, ताओस, नवाहो, यूट अशा पंचवीसहून जास्त जमातींचं या जागेशी नातं उद्यानाने अधिकृतपणे मान्य केलंय. इथल्या कड्यांच्या कपारीत दगडी घरं बांधून राहिलेले लोक हे त्यांतल्या प्वेब्लो लोकांचे (म्हणजे होपी, झुनी, अकोमा, झिया, ताओस वगैरेंचे) पूर्वज. ते 1300 च्या आसपास, लांबलेल्या दुष्काळाच्या काळात, दक्षिणेकडे निघून गेले आणि आज त्यांचे वंशज न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात आहेत. त्यांना फोन करता येतो. माझ्यासाठी धक्का हा होता. पुरातत्त्वात ज्यांच्यावर आपण प्रबंध लिहितो, त्यांच्या नातेवाईकांना फोन करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आधी कामाबद्दल थोडं सांगते, कारण आईपासून मावशीपर्यंत सगळ्यांना मी तिथे फिरायला गेलेय असं वाटतं. उद्यानाच्या दाराशीच जे व्हिजिटर अँड रिसर्च सेंटर आहे, त्याच्या मागच्या भागात संग्रहाचं भांडार आहे. वस्तू आणि कागदपत्रं मिळून साधारण तीस लाख. काळ्या-पांढऱ्या नक्षीची भांडी, मग, दगडी अवजारं, हाडाच्या सुया, युक्का नावाच्या झाडाच्या धाग्याच्या चपला, टर्कीच्या पिसांची घोंगडी, आणि खापरं, खापरं, खापरं. माझी सकाळ किड्यांपासून सुरू होते. भिंतीकडेला ठेवलेले चिकट सापळे गोळा करायचे, भिंगाखाली धरून किडा ओळखायचा, कुठल्या खोलीत कुठल्या कोपऱ्यात सापडला ते नोंदवायचं. साधा घरातला कोळी असेल तर काळजी नाही. कार्पेट बीटलची अळी सापडली तर मात्र आसपासची सगळी लोकर, पिसं, कातडं तपासावं लागतं. औषध मारत नाहीत. पूर्वी अनेक संग्रहालयांत आर्सेनिक आणि डीडीटी मारलं गेलं आणि त्याचा अंश वस्तूंवर अजून असू शकतो, म्हणून हातमोजे जितके वस्तूसाठी तितकेच आपल्यासाठी. आपल्याकडे पेटीत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला टाकतात, हे मी सांगितल्यावर एका सहकाऱ्याने ते वहीत लिहून घेतलं.

बाकीचं काम म्हणजे आर्द्रतेच्या नोंदी उतरवणं, आम्लरहित कागद आणि फोम कापून प्रत्येक भांड्याला बसेल अशी बैठक करणं, आणि क्रमांक लिहिणं. खापरावर आधी ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की त्यावर बारीक निबने आकडा लिहायचा, वर पुन्हा एक थर. उद्या कुणाला तो क्रमांक काढायचा असेल तर ॲसिटोनने सगळा निघतो आणि खापराला काही होत नाही. भांडारात पेन न्यायचं नाही, फक्त शिसपेन्सिल. पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. आणि दर वर्षी मोजदाद: यादीतून क्रमांक निवडतात आणि ती ती वस्तू तिच्या नोंदीतल्या कप्प्यात खरोखर आहे का ते जाऊन बघायचं. मला ही मोजदाद फार आवडते. हजारो क्रमांकांतला एक निघतो, आपण कप्पा उघडतो, आणि मक्याच्या कणसाचा आठशे वर्षांपूर्वीचा दांडा जागच्या जागी असतो.

आता इथे माझी बाजू मांडते, कारण हा प्रश्न मला इथे सारखा विचारला जातो. तुमच्याकडे एवढ्या जुन्या चपला, दोऱ्या, घोंगड्या का नाहीत? प्रश्न साधा असतो, पण त्यात "तुम्ही जपलं नाहीत" असं मला ऐकू येतं. अहो, इथली हवा बघा. दोन हजार मीटरच्या वरचं पठार, कपारीत पाऊस शिरत नाही, माझे ओठ दिवसभर फुटलेले. या हवेत दोरी टिकते यात दोरीचं कौतुक आहे आणि कपारीचं आहे. आपल्याकडे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पावसाळ्यात फुगते. तरीही नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत दोरा सापडला. तांब्याच्या क्षारांनी तो वाचवला, आणि पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या चमूने तो वाचवण्याइतक्या हळू हाताने खोदलं. हे मी इथे प्रत्येकाला सांगते. आणि हेही सांगते की इथलं सुसज्ज भांडार 2012 च्या अखेरीला तयार झालं, त्याआधी हाच संग्रह वर मेसावर, म्हणजे पठारावर, एका पत्र्याच्या इमारतीत होता, आणि 2000 साली या पठारावर प्रचंड वणवे लागले होते. म्हणजे पत्र्याखाली वारसा ठेवणारे आपण एकटे नाही.

घरची आठवण मात्र भांड्यांनी नाही, दगडांनी आली. मका दळायचे दगड इथे ढिगाने आहेत. खालचा पसरट, मधोमध खोलगट झालेला, वरचा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे लोटायचा. थेट पाटा-वरवंटा. एकाची जागा बदलायची होती म्हणून आम्ही दोघांनी तो उचलला, तेव्हा मला आजीच्या मागच्या पडवीतला पाटा दिसला, टाकी लावणारा आल्यावर तिची उडणारी धांदल दिसली, आणि मला थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. कुणी काही विचारलं नाही. परत आले तेव्हा माझ्या टेबलावर कुणीतरी टिश्यूचा डबा ठेवला होता, वस्तूंसाठीचा नव्हे, नाक पुसायचा.

तर दफनातल्या वस्तूंचं ते बंद कपाट. नकाराच्या मागे जी गोष्ट आहे ती 1891 ची आहे. गुस्ताफ नॉर्डेनशेल्ड नावाचा तेविशीतला स्वीडिश तरुण इथे आला, पद्धतशीर खोदकाम केलं, नोंदी ठेवल्या, फोटो काढले. त्या काळाच्या मानाने काम उत्तम, हे इथले पुरातत्त्वज्ञही मान्य करतात. मग त्याने सगळा माल पेट्यांत भरून डुरँगोच्या रेल्वे स्थानकावर आणला. लोक खवळले, त्याला अटक झाली. पण वस्तू देशाबाहेर नेऊ नयेत असा कायदाच नव्हता, त्यामुळे तो सुटला आणि पेट्या गेल्या. पुढे तो संग्रह एका श्रीमंत संग्राहकामार्फत फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचला. 1906 साली अमेरिकेत पुरावशेषांचा कायदा झाला आणि त्याच जूनमध्ये मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान झालं. पण पेट्या हेलसिंकीतच राहिल्या. त्यात माणसं होती. साधारण वीस जणांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत ठेवलेल्या 28 वस्तू. होपी, झुनी, अकोमा आणि झिया या चार जमातींनी पाठपुरावा केला, 2019 मध्ये फिनलंडने परत देण्याचं जाहीर केलं आणि 2020 च्या सप्टेंबरमध्ये, कोविडच्या धामधुमीत, ते सगळे परत आले आणि याच उद्यानात पुन्हा पुरले गेले. कुठे, ते सांगत नाहीत. मीही विचारलेलं नाही.

फिनलंडला अमेरिकेचा कायदा लागू होत नव्हता. अमेरिकेत मात्र 1990 पासून कायदा आहे, सगळे त्याला नॅगप्रा म्हणतात, आणि त्याखाली संग्रहालयांनी मूळ रहिवाशांचे अवशेष आणि दफनातल्या वस्तू त्यांच्या वंशजांना परत द्यायच्या असतात. या उद्यानानेही 2006 मध्ये आपल्याकडचे अवशेष मोठ्या संख्येने पुन्हा मातीत दिले. तरी देशभरात चालढकल पुष्कळ झाली, म्हणून 2024 च्या जानेवारीत नियम कडक झाले. आता अशा वस्तू मांडायच्या, अभ्यासायच्या किंवा नुसत्या कुणाला दाखवायच्या तरी आधी संबंधित जमातीची संमती लागते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीने तेव्हा दोन मोठी दालनं बंद केली, शिकागोच्या फील्ड म्युझियमने काही काचकपाटं झाकली. पुण्यात बसून ती बातमी वाचली तेव्हा मला हा अतिरेक वाटला होता. आता, ज्या कपाटापुढून रोज जाते ते बंद असताना, तसं वाटत नाही. वस्तू सांभाळणं आणि वस्तूवर हक्क असणं या दोन गोष्टी इतक्या स्पष्टपणे वेगळ्या ठेवलेल्या मी कुठे पाहिल्या नव्हत्या. आम्ही रोज त्या खोलीची आर्द्रता मोजतो, सापळे बदलतो, कुलूप तपासतो. उघडत नाही.

नकार देऊन झाल्यावर बाईंनी मला विचारलं, "इनामगावच्या सांगाड्यांसाठी तुम्ही कुणाला विचारता?"

मी लगेच उत्तर दिलं, आणि ते मला अजूनही पटतं. म्हटलं, तुमचा कायदा तुमच्या इतिहासातून आलाय. इथे ज्यांनी जमीन बळकावली त्यांनीच थडगी उकरली, कवट्या पेट्यांत भरून शहरात नेल्या. घोड नदीकाठी तसं घडलेलं नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, जोर्वे काळातल्या वस्तीत, 1968 पासून बरीच वर्षं डेक्कन कॉलेजने खोदलं, ते आमच्याच माणसांनी, आमच्याच मातीत. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली लहान मुलं, घराच्या जमिनीखाली पुरलेली. घोट्याखाली पाय तोडून पुरलेली मोठी माणसं. चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला तो एक पुरुष. हे सगळं सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी ज्या बारकाईने नोंदवलं, आणि त्या हाडांवर पुढे वाळिंबे सरांनी जो अभ्यास केला, त्यामुळे तीन हजार वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यात मुलं काय खात होती, कशाने आजारी पडत होती, हे आज सांगता येतं. ते अवशेष पुन्हा पुरले असते तर यातलं काहीच कळलं नसतं. आणि द्यायचे तरी कुणाला? तीन हजार वर्षांनी त्यांचा वंशज कोण? एका अर्थी आपण सगळेच.

बाई म्हणाल्या, "सगळे म्हणजे नक्की कुणाला फोन करायचा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. आमचा 1958 चा स्मारकांचा कायदा आहे, 1972 चा पुरावशेषांचा आहे, परवाने आहेत, अहवाल आहेत. पण त्या रात्री कॉटवर पडल्यावर लक्षात आलं की या सगळ्यात गावाला विचारायची जागा कुठेच नाही. आणि आपल्याला मागणं माहीत नाही असंही नाही. लंडनहून साताऱ्याला तीन वर्षांच्या बोलीवर वाघनखं आली, तेव्हा 'उसनी का, कायमची का नाहीत' असं आपण सगळे म्हणत होतोच. नागालँडचे लोक ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातले आपल्या पूर्वजांचे अवशेष परत आणण्यासाठी गावोगावी जाऊन लोकांशी बोलतायत. 2024 मध्ये इंग्लंडमध्ये एक नागा कवटी लिलावात निघाली आणि विरोधामुळे मागे घ्यावी लागली. बाहेर गेलेलं परत हवं, याबद्दल आपण ठाम असतो. घरातल्या भांडारात जे आहे त्याबद्दल विचारायचं राहून गेलंय, आणि मी स्वतः त्यावर निबंध लिहिताना त्या गावात कुणाशी बोलले नाही, कारण कुणी बोलायला सांगितलंच नव्हतं.

मी अजूनही अवशेष पुन्हा पुरावेत या मताची नाही. इनामगावच्या बाबतीत तरी नाही. पण विचारणं आणि परत देणं या एकच गोष्टी नाहीत, एवढं इथल्या कपाटाने दाखवलं. विचारलं तर गाव कदाचित म्हणेल, ठेवा, पण वर्षातून एकदा आम्हाला दाखवा. कदाचित म्हणेल, मुलांच्या कुंभांचे फोटो पाठ्यपुस्तकात नकोत. कदाचित काहीच म्हणणार नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांत कुणी इनामगावचं, किंवा शिरूर-न्हावऱ्याच्या बाजूचं असेल, तर मला जरूर लिहा. तुमच्या घरात कुणी त्या खोदकामावर मजुरीला गेलं होतं का? त्या टेकाडाबद्दल, तिथे निघालेल्या कुंभांबद्दल आजी-आजोबा काही बोलायचे का? तिथे काही वाहायची, दिवा लावायची पद्धत आधी होती का? हंगाम ऑक्टोबरमध्ये संपतो. परत आल्यावर मी तिकडे येणारच आहे, आणि आधी कुणाच्या घरी जायचं ते माहीत असेल तर बरं.