गोळी घेतली का, असं घरात कोण विचारतं?

हार्ट अटॅक किंवा बायपासनंतर पेशंट आमच्याकडे कार्डिॲक रिहॅबला, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम करून हृदय सावरायला येतो, तेव्हा फॉर्मवर एक रकाना असतो: एकटे राहता की कुटुंबासोबत? 'कुटुंबासोबत'वर खूण झाली की विषय संपतो. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि या रकान्यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. म्हणून मी आणखी एक प्रश्न विचारते. "तुम्ही गोळी घेतली का, हे घरात कोण विचारतं?"

माणूस तितकी उत्तरं, हे खरंच. तरी काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. मेक्सिकन आजीच्या आधी तिची लेक उत्तर देते, आणि औषधांची यादीही तिलाच पाठ असते. कृष्णवर्णीय बाई चर्चमधल्या मैत्रिणींची नावं घेतात. एकटा राहणारा गोरा माणूस सरळ सांगतो, कोणी नाही. आणि आपले पुरुष, मराठी असोत, गुजराती असोत की तेलुगू, म्हणतात, "घरी सगळे आहेत ना." मी विचारलं होतं कोण विचारतं, घरी कोण आहे ते नव्हतं विचारलं.

आपल्याकडे कुटुंब असतं, त्यामुळे एकटेपणाचा हा अमेरिकन आजार आपल्याला नाही, अशी आपली पक्की समजूत आहे. हृदयाच्या बाबतीत ती मला धोक्याची वाटते. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या 'मेसा' या हृदयविकाराच्या मोठ्या अभ्यासात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, आपण नव्हतोच. आपल्यासाठी 'मसाला' नावाचा अभ्यास २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात आणि इथे शिकागोत सुरू झाला. त्यात दक्षिण आशियाई पुरुषांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम, म्हणजे त्या खराब होत असल्याची खूण, गोऱ्या पुरुषांच्या तोडीचं आणि बाकी गटांपेक्षा जास्त निघालं. भरलेल्या घरांतलेच पुरुष ना हे बहुतेक?

माझ्याकडे येणारे एक काका घ्या. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. सरकारी नोकरीतून निवृत्त, काकू गेल्यावर मुलाकडे आलेले, हृदयाची ताकद कमी झालेली. घर मोठं, मुलगा-सून दोघंही प्रेमळ. सून दर रविवारी गोळ्यांचा डबा भरून ठेवते. पण तो उघडून कोणी बघत नाही, कारण काका शिकलेले, शिस्तीचे. एकदा मी डबा मागवून घेतला. लघवी वाढवणारी गोळी तीन कप्प्यांत तशीच पडून होती. विचारलं तर आधी काही बोलेनात. मग म्हणाले, "अगं, त्या दिवशी गाडीतून जायचं असतं. ती गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला गाडी थांबवायला सांगावं लागतं. पोरांना कशाला त्रास?"

अंगात पाणी साठून पाय सुजले होते, ते यामुळे. आणि हे कळलं कसं? काकांच्या शेजारच्या सायकलवर एक निवृत्त बसचालक असतात, कृष्णवर्णीय, उंचपुरे. मोज्याच्या रबराचा पोटरीवर उमटलेला खोल वळ त्यांनी पाहिला आणि मला खुणेने दाखवला. बस चालवताना तेही हीच गोळी चुकवायचे. तेव्हापासून दोघं आल्या आल्या एकमेकांना सकाळचं वजन सांगतात. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाची ताकद अशी कमी झालेली असताना, एका दिवसात दोन-तीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंड वाढले तर डॉक्टरांना फोन करायचा असतो. हे आम्ही छापून देतो. काका तो कागद नीट घडी करून खिशात ठेवत. वजन करायला लागले ते मात्र शेजारी विचारतो म्हणून.

माणसांचा हृदयाशी संबंध असतो हे जुनं निरीक्षण आहे. पेनसिल्व्हेनियातल्या रोझेटो गावात इटलीहून आलेली कुटुंबं राहत. चरबीत स्वयंपाक करायचे, सिगार-सिगारेटी ओढायचे, स्लेटच्या खाणींत राबायचे. शेजारच्या बँगोर गावाचं पाणी तेच, डॉक्टर तेच. तरी रोझेटोत हार्ट अटॅकने मरणारे बरेच कमी, हे डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ यांनी १९६०च्या दशकात मांडलं. पुढे तीन पिढ्यांची घरं मोडली, गाव इतरांसारखं जगू लागलं आणि तो फरकही पुसला गेला. मार्मॉट आणि साइम यांना १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या जपानी पुरुषांत असंच काहीसं आढळलं: जुन्या रीतीने आपल्या समाजात राहणाऱ्यांत हृदयविकार कमी, आणि त्याचं कारण फक्त आहार, सिगारेट किंवा बीपी यांत सापडेना.

पण आधार म्हणजे जादू नाही, हेही सांगायला हवं. हार्ट अटॅकनंतर निराश किंवा एकट्या पडलेल्या जवळजवळ अडीच हजार पेशंटवरची एक चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. समुपदेशनाने मन थोडं सावरलं, आधारही वाढला. मृत्यू आणि पुन्हा येणारे अटॅक मात्र कमी झाले नाहीत. मला यातून वाटतं ते असं, की माणसांतून औषध पेशंटपर्यंत पोचलं पाहिजे.

ते कसं पोचतं हे लॉस एंजेलिसच्या न्हाव्यांनी दाखवलं. कृष्णवर्णीय पुरुषांत बीपी फार, आणि दवाखान्यावर विश्वास कमी. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना सरकारी अभ्यासासाठी उपचाराविना ठेवणाऱ्या देशात तो का कमी, हे वेगळं सांगायला नको. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ सलूनमधले ३१९ पुरुष घेतले. निम्म्या ठिकाणी न्हावी नुसतं सांगायचा: बीपीकडे बघ, डॉक्टरकडे जा. उरलेल्या ठिकाणी फार्मासिस्ट सलूनमध्येच येऊन, डॉक्टरांशी ठरल्याप्रमाणे गोळ्या लिहून द्यायचा. सहा महिन्यांत पहिल्या गटाचं वरचं बीपी सरासरी ९ ने उतरलं, दुसऱ्याचं २७ ने. न्हाव्यावरचा वर्षानुवर्षांचा विश्वास, आणि त्याच खुर्चीपाशी औषध. दोन्ही लागलं.

आपलं सलून कुठलं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आपले काका लोक निवांत, ओळखीच्या माणसांत कुठे बसतात? मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, नाटकाच्या मध्यंतरात. तिथे सोसायटीचं राजकारण निघतं, गुडघे निघतात, मुलांच्या नोकऱ्या निघतात. छातीत दडपल्यासारखं होतं हे मात्र निघत नाही.

काकांच्या मुलाला मी एवढंच सांगितलं की "बरं आहे ना बाबा?" असं विचारू नका. त्याचं उत्तर ते "हो"च देणार. "आज वजन किती?" असं विचारा, आणि गाडी कुठे कुठे थांबेल ते निघायच्या आधी स्वतःहून सांगा.

यंदाच्या गणपतीत जेवणाच्या हॉलबाहेर बीपीचं टेबल लावायचं मी मंडळाशी बोलले आहे. दोन मशीन माझ्याकडे आहेत, मोठ्या दंडाचा पट्टाही आहे. फार्मसीत काम करणारं कोणी आणि ज्याचं म्हणणं काका लोक ऐकतात असं कोणी हवं आहे. शिकागोच्या आसपास असाल तर खाली लिहा.