तीन किलोमीटर आणि एक वीत

सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेकडे जाताना 280 क्रमांकाचा महामार्ग एका सरळसोट, चिंचोळ्या इमारतीवरून जातो. गाडीतून ती जेमतेम दिसते आणि लगेच मागे पडते. हा ‘स्लॅक’ या प्रयोगशाळेचा लिनॅक, म्हणजे कणांना सरळ रेषेत वेग देणारा त्वरक, 1966 पासूनचा, सुमारे 3 किलोमीटर लांब. जमिनीखालच्या बोगद्यात, तांब्याच्या नळीत मायक्रोवेव्हचे धक्के खात इलेक्ट्रॉन 50 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) पोचायचे. एवढी लांबी लागते, कारण तांब्याला सोसेल इतकंच विद्युतक्षेत्र देता येतं. त्यापुढे गेलं की आत ठिणग्या उडतात.

दुसऱ्या दिवशी मी बर्कलीच्या डोंगरावर होते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतलं, लेझरने इलेक्ट्रॉनना वेग देणारं ‘बेला’ केंद्र बघायला मी आले होते, आणि खरं सांगते, वळणांवरून दिसणाऱ्या खाडीकडे माझं लक्षच नव्हतं.

लेझरच्या दालनात सगळ्यांना खास चष्मे मिळाले. लांबच लांब टेबलं, त्यांवर आरसे आणि हिरव्या प्रकाशात न्हालेले स्फटिक. लेझरचा स्पंद आधी ताणतात, मग त्यात ऊर्जा भरतात आणि शेवटी पुन्हा दाबतात, म्हणजे वाटेतली काच जळत नाही. ही युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांची, 1985 ची. तिला 2018 चं नोबेल मिळालं. दाबलेला स्पंद 35-40 फेमटोसेकंदांचा; एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही. त्या क्षणापुरती शक्ती मात्र एक पेटावॉटच्या, म्हणजे दहा लाख अब्ज वॉटच्या घरात.

बीम चालू असताना त्वरकाच्या खोलीत कोणालाच थांबता येत नाही, म्हणून आम्ही गेलो तेव्हा यंत्र बंद होतं. दाखवणाऱ्या संशोधक बाईंनी वापरून झालेली एक केशनळी माझ्या तळहातावर ठेवली. नीलमण्याच्या दोन पट्ट्या, दोन्हींत कोरलेली अर्धगोल खाच. एकमेकींवर ठेवल्या की मधे मिलिमीटरहून बारीक वाट तयार होते. कडेला हायड्रोजन सोडायची छिद्रं. मी ती प्रकाशासमोर धरून आरपार पाहिलं आणि कितीतरी वेळ परत द्यावीशी वाटेना.

या वाटेत वायूचा प्लाझ्मा होतो, म्हणजे त्याचे अणू फुटून इलेक्ट्रॉन आणि आयन वेगळे होतात. लेझर त्यातून जाताना हलके इलेक्ट्रॉन बाजूला फेकतो. जड आयन जागीच राहतात. फेकलेले इलेक्ट्रॉन परत खेचले जातात आणि होडीमागे उठावी तशी लाट उठते. काही इलेक्ट्रॉन त्या लाटेवर स्वार होतात. ताजिमा आणि डॉसन या भौतिकशास्त्रज्ञांनी हे 1979 मध्ये कागदावर मांडलं होतं. प्लाझ्मा आधीच फुटलेला असतो, त्याला ठिणगीचं भय कसलं! म्हणूनच 2019 मध्ये इथे 20 सेंटिमीटरमध्ये, म्हणजे जेमतेम वीतभर अंतरात, इलेक्ट्रॉन 7.8 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत गेले. काल महामार्गावरून पाहिलेली ती लांबी आठवून अंगावर काटा आला.

“मग अशा नळ्या एकापुढे एक लावायच्या?” मी विचारलं.

“तेच तर अवघड आहे,” बाई म्हणाल्या. पहिल्या नळीतून निघालेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या लेझरच्या लाटेवर नेमक्या जागी, नेमक्या क्षणी चढायला हवेत, आणि ती लाट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच. 2016 मध्ये इथेच दोन टप्पे पहिल्यांदा जोडले गेले, पण थोडेच इलेक्ट्रॉन पुढे पोचले. शिवाय लेझर सुटतो सेकंदाला एकदा. कामाच्या यंत्राला हजारो वेळा सुटायला हवा.

बाईंनी हात पुढे केला. मी केशनळी त्यांना परत दिली.